कचऱ्यातून वीज : कोणाच्या खर्चाने, कोणाच्या जमिनीवर?

ठाणे शहराचा कचरा टाकावयाचा कोठे, हा प्रश्न ठाणे महापालिकेला गेली कित्येक वर्षे सोडविता आलेला नाही. वर्षानुवर्षे तो दिव्याला पडत होता. तेथील रहिवाशांनी दीर्घकाळ आंदोलन केल्यानंतर २०२३ च्या आरंभी दिव्याची कचराभूमी बंद झाली. मग कचरा भांडार्लीला गेला. भांडार्लीच्या ग्रामस्थांनी विरोध केला. पुढे तो डायघरला नेण्यात आला, तेव्हा तेथील रहिवासी दुर्गंधीविरुद्ध रस्त्यावर आले. त्यानंतर भिवंडी तालुक्यातील आतकोली येथील जमीन कचरा प्रकल्पासाठी ठाणे महापालिकेला देण्याचे राज्य सरकारने ठरविले आणि तेथील ग्रामस्थही विरोधात उभे राहिले. शहराची हद्द ओलांडून कचरा असा एकेक पाऊल पुढे सरकत ग्रामीण भागात येऊन पोहोचला आहे.

या प्रवासात एक आश्वासन सतत कचऱ्याच्या गाडीबरोबर फिरत आले आहे. ते म्हणजे कचऱ्यापासून वीज निर्माण करण्याचे. डायघरचा प्रकल्प मुळात वीजनिर्मितीचा प्रकल्प म्हणूनच योजला गेला आणि अनेक वर्षे कागदावर राहिला. मुंबईत १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारच्या कचराभूमीवर असाच प्रकल्प उभारण्याचे कंत्राट २०२० साली देण्यात आले. त्याच्या ठरलेल्या मुदती वारंवार पुढे गेल्या. पिंपरी-चिंचवड महापालिकेने मात्र मोशी येथे असा प्रकल्प प्रत्यक्ष उभा केला आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. यापुढे कचऱ्याचा प्रश्न निघाला की नोकरशहांच्या आणि ठेकेदारांच्या तोंडी हेच उत्तर येणार, हे उघड आहे. जाळा आणि वीज करा; घाणही गेली आणि दिवाही लागला! सामान्य माणसाला हे उत्तर पटते, कारण ते सोपे आहे. म्हणूनच कार्यकर्त्यांनी ते नीट तपासून पाहिले पाहिजे.

वज्रेश्वरीचे गणित

भिवंडी तालुक्यातीलच वज्रेश्वरीचे उदाहरण घेऊ. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी बांधविलेले देवीचे मंदिर, तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडे, शेजारी अकलोली आणि गणेशपुरी. त्यामुळे येथे भाविकांची व सहलीला येणाऱ्यांची वर्दळ बारमाही असते. चैत्रातील यात्रेला तर माणसांचा पूर लोटतो. साहजिकच हार-फुले, नारळाच्या शेंड्या व करवंट्या, उरलेले अन्न, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचा कचरा गावाच्या मानाने पुष्कळ होतो. तो उघड्यावर पडला की वाऱ्याने नदीकडे जातो, आणि पेटविला तर धूर गावात राहतो. प्रश्न खरा आहे आणि तो सोडविला पाहिजे, याबद्दल दुमत नाही.

परंतु या कचऱ्यावर वीजकेंद्र चालेल काय? दहा हजार वस्तीच्या गावात माणशी रोज ३०० ग्रॅम कचरा धरला तरी तो ३ टन भरतो. यात्रेकरूंचा कचरा मिळवून हा आकडा दुप्पट-तिप्पट करा. मोशीचे केंद्र वर्षाला सुमारे अडीच लाख टन, म्हणजे रोज ७०० टनांच्या आसपास कचरा खाते. देवनारचा आराखडा रोज ६०० टनांचा आहे. असे केंद्र एकदा पेटविले की त्याची भट्टी मनाला येईल तेव्हा विझविता येत नाही. तिला रात्रंदिवस सारखे इंधन लागते. एखाद्या गावाच्या वा गावांच्या गटाच्या कचऱ्यावर ती चालणे शक्य नाही. तेव्हा भिवंडीच्या ग्रामीण भागात कोणी वीजकेंद्राची भाषा करू लागला, तर ते ठाणे, मुंबई वा कल्याणचा कचरा डोळ्यांपुढे ठेवूनच, हे ग्रामपंचायतींनी ओळखावे. गावातील घाण घालविण्याचे निमित्त पुढे करून शेकडो टन परकी घाण गावात आणण्याची ती वाट असेल.

आणि या भागाने शहरांना काय कमी दिले आहे? १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते. त्या पाण्याचे प्रचंड नळ भिवंडी तालुक्यातून जातात. भातसेचे पाणी उचलणारे पिसे आणि ते शुद्ध करणारे पांजरापूर ही ठिकाणे याच तालुक्यात आहेत. नळाच्या कडेला राहणाऱ्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायकांना डोक्यावर हंडे वाहावे लागतात. तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कातकरी, मल्हार कोळी यांची ही भूमी. १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीचा लढा याच टापूत उभा केला. गरिबांची जमीन ही मोकळी जमीन, असे समजण्याची राज्यकर्त्यांची सवय जुनी आहे. पाणी न्यावयाचे आणि बदल्यात कचरा पाठवावयाचा, हा व्यवहार त्या सवयीतूनच सुचतो.

ओला कचरा जळत नाही

आता वीजनिर्मितीच्या दाव्याकडे वळू. या यंत्रणेची रीत साधी आहे. कचरा भट्टीत जाळावयाचा, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करावयाची, वाफेने टर्बाइन फिरवावयाचे आणि वीज काढावयाची. कोळशाच्या केंद्रात जे घडते तेच येथे घडते. फरक इंधनात आहे. पण तो फरकच निर्णायक ठरतो. आपल्या घरातील कचऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग भाजीचे देठ, फळांच्या साली, खरकटे असा ओला असतो. पावसाळ्यात तर सगळाच कचरा भिजतो. ओले लाकूड चुलीत घातले की काय होते, हे आपल्या घरातील प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे. उष्णतेचा मोठा भाग पाणी आटविण्यातच खर्ची पडतो. शिवाय झाडलोटीची माती आणि बांधकामाचा राडा कचऱ्यात मिसळलेला असतो, तो जळतच नाही.

हे ज्ञान काही नवे नाही. देशाने त्याची किंमत एकदा मोजलेली आहे. १९८७ साली दिल्लीत तिमारपूर येथे डेन्मार्कच्या कंपनीच्या तंत्राने एक केंद्र उभारण्यात आले. रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज मिळेल, असा हिशेब होता. कचऱ्याच्या प्रत्येक किलोतून १,४०० हून अधिक किलोकॅलरी उष्णता मिळेल, असे गृहीत धरले होते. दिल्लीच्या कचऱ्यातून प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच उष्णता मिळाली. केंद्र तीन आठवडे चालले आणि बंद पडले. युरोपातील ताटात उरते काय आणि दिल्लीतील ताटात उरते काय, याची चौकशी यंत्र विकत घेण्यापूर्वी कोणी केली नव्हती.

केंद्र सरकारने २०१६ साली घनकचऱ्याचे नियम काढले तेव्हा हा धडा अंशतः मान्य केला. ज्या कचऱ्याचा पुनर्वापर होऊ शकत नाही आणि ज्यातून किलोमागे १,५०० किलोकॅलरी वा अधिक उष्णता मिळते, असा कचरा पुरून न टाकता ऊर्जेसाठी वापरावा, असे त्या नियमांत म्हटले होते. नीट वाचले तर या वाक्यातच सारा पेच आहे. घरातून निघणाऱ्या कचऱ्यात चांगले जळते काय? कागद, पुठ्ठा, कापड, लाकूड आणि प्लॅस्टिक. यांपैकी बहुतेक वस्तूंना भंगारवाल्याकडे भाव आहे आणि त्या पुन्हा कारखान्यात जाऊन नवा माल होऊ शकतात. त्या बाजूला काढल्या आणि ओला कचरा खताला दिला, तर भट्टीसाठी उरते फारच थोडे. भट्टी चालवावयाची तर नेमके जे जाळू नये तेच जाळावे लागते. कागद वा प्लॅस्टिक जाळून जी ऊर्जा मिळते तिच्याहून अधिक ऊर्जा तेवढाच कागद वा प्लॅस्टिक नव्याने बनविण्यात खर्च होते. म्हणजे एका हाताने युनिट मिळवून दुसऱ्या हाताने त्याहून अधिक युनिटे गमवावयाची, असा हा उद्योग आहे.

आणि मिळणारी वीज तरी किती? मोशीच्या केंद्राची क्षमता १४ मेगावॅट आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूचे औष्णिक केंद्र ५०० मेगावॅटचे आहे. राज्याची कमाल मागणी २५,००० मेगावॅटच्या वर जाते. मोशीसारखे केंद्र पूर्ण ताकदीने चालले तरी त्या मागणीच्या सुमारे अठराशेव्या भागाएवढी वीज देईल. देवनारच्या प्रारंभीच्या आराखड्यात ६०० टनांमागे अवघे ४ मेगावॅट धरले होते, आणि मुंबईचा रोजचा कचरा आहे ६,००० टनांहून अधिक. म्हणजे सारा खटाटोप करून नऊ हिस्से कचरा शिल्लक राहावयाचा तो राहणारच. महाराष्ट्राची विजेची गरज भागविण्याचा हा मार्ग आहे, असे कोणी सांगत असेल तर ते लोकांच्या अज्ञानावर विसंबून सांगितले जात आहे.

नफा खाजगी, जोखीम सार्वजनिक

मग इतक्या तोकड्या विजेसाठी इतका आग्रह का? याचे उत्तर तंत्रात सापडत नाही, ते करारात सापडते. अशा प्रकल्पांत महापालिका साधारणपणे जमीन नाममात्र भाड्याने देते. भांडवली खर्चाचा काही वाटा सरकारी अनुदानातून येतो. कचरा आणून देण्याचे काम महापालिकेचे, आणि तो स्वीकारल्याबद्दल टनामागे पैसे कंपनीला. वीज तयार झाली की तिचा ग्राहकही अगोदर ठरलेला असतो. २०१५ साली केंद्रीय वीज नियामक आयोगाने कचऱ्यापासून होणाऱ्या विजेचा दर युनिटला ७ रुपये ४ पैसे आणि कचऱ्याच्या कांड्या करून जाळल्यास ७ रुपये ९० पैसे असा ठरविला. पुढच्याच वर्षी वीजदर धोरण दुरुस्त करून अशी सारी वीज राज्यातील वितरण कंपन्यांनी घेतलीच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. याच काळात सौर विजेचे दर उतरत गेले आणि निविदांत युनिटला ३ रुपयांच्या आसपास आले. महाग विजेचा बोजा शेवटी कोणाच्या बिलावर पडणार? भिवंडीत २००७ पासून वीजवितरण टोरेंट पॉवर या खाजगी कंपनीच्या हाती आहे. दोन-चार माग चालविणाऱ्या माणसाला आणि त्यावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराला युनिटमागच्या प्रत्येक पैशाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

याहून घातक आहे ती कचऱ्याच्या हमीची अट. भट्टीला रोज ठरावीक टन कचरा मिळालाच पाहिजे, असे बंधन एकदा पंधरा-वीस वर्षांच्या करारात आले की शहराचा हितसंबंध उलटा होतो. नागरिकांनी कचरा कमी केला, वर्गीकरण केले, खत केले, तर महापालिका करारभंगाची दोषी ठरण्याचा धोका निर्माण होतो. कचरा कमी करणे हे ज्या संस्थेचे कर्तव्य तिलाच कचरा वाढता ठेवण्याची सक्ती व्हावी, यापेक्षा मोठा विपर्यास कोणता?

परदेशांचा दाखला देणाऱ्यांनी परदेशांचा इतिहासही पुरा सांगावा. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्याची राजधानी हॅरिसबर्ग हिने कचरा जाळण्याच्या केंद्रावर कर्जामागून कर्ज काढले आणि २०११ साली त्या ओझ्याखाली शहराच्या वतीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. स्वीडनमध्ये भट्ट्यांची भूक इतकी वाढली की त्यांच्यासाठी परदेशांतून कचरा आणावा लागतो. डेन्मार्कने कोपनहेगनमध्ये अतिशय आधुनिक केंद्र बांधले, आणि त्याच डेन्मार्कने २०२० साली निर्णय घेतला की २०३० पर्यंत देशातील कचरा जाळण्याची क्षमता ३० टक्क्यांनी कमी करावयाची. तेथे थंडीच्या दिवसांत घरे ऊबदार ठेवण्यासाठी भट्टीची उष्णता नळांतून घरोघर पोहोचविली जाते, म्हणून हिशेब काहीसा तरी जुळतो. वज्रेश्वरीला उष्णता कोणी विकत घेणार नाही. ती तेथे जमिनीतूनच फुकट वर येते.

धूर आणि राख

कचरा जाळला म्हणजे तो नाहीसा झाला, हाही एक भ्रम आहे. जाळलेल्या कचऱ्याच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा राखेच्या रूपाने मागे उरतो; आपल्याकडच्या मातीमिश्रित कचऱ्यात तो वाढतो. रोज ६०० टन जाळले तर दीडशे टन राख रोज कोठे तरी नेऊन पुरावी लागणार. धूर गाळताना जी बारीक राख सापडते तिच्यात शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे विषारी धातू एकवटलेले असतात. म्हणजे कचराभूमीची जागा राखेची भूमी घेते आणि तिलाही जमीन लागतेच.

क्लोरिनयुक्त प्लॅस्टिक अर्धवट जळले की डायऑक्सिन आणि फ्युरान ही अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात. ती हवेतून गवतावर, गवतातून गुरांच्या पोटात आणि दुधातून माणसाच्या शरीरात पोहोचतात आणि चरबीत साठून राहतात. ती होऊ नयेत म्हणून भट्टीचे तापमान ९५० अंश ठेवावे आणि धूर त्या तापमानात निदान २ सेकंद राहावा, अशी अट २०१६ च्या नियमांत होती. कोरडा, एकसारखा कचरा असेल तर हे साधता येते. पण ओला, मिसळलेला कचरा टाकला की तापमान खाली येते आणि डायऑक्सिनचे मोजमाप काही ताप मोजण्याइतके सोपे नाही. त्यासाठी नमुने घेऊन खास प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. मधल्या दिवसांत धुराड्यातून काय बाहेर पडले, याची नोंद राहत नाही. दिल्लीत ओखल्याला २०१२ साली वस्तीलगत सुरू झालेल्या केंद्राविरुद्ध सुखदेव विहारच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली त्या केंद्राला २५ लाख रुपये भरपाई ठोठावली, पण केंद्र चालू ठेवण्यास परवानगी दिली. राजधानीतल्या सुशिक्षित, मध्यमवर्गीय वस्तीच्या पदरात एवढेच पडले. मग भिवंडीच्या पाड्यावरील कातकरी कुटुंबाच्या तक्रारीची दखल कोण घेणार?

भिवंडीला जळणाऱ्या कचऱ्याचा अनुभव नवा नाही. सायझिंग व डाइंगच्या काही बॉयलरांत चिंध्या आणि प्लॅस्टिक जाळले जात असल्याच्या तक्रारी शहरात वेळोवेळी झाल्या आहेत. चाविंद्र्याच्या कचराभूमीचा त्रास आसपासच्या वस्त्या सोसतात. भंगाराच्या गोदामांना आगी लागतात. येथील हवा आधीच काठोकाठ भरलेली आहे.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. कचराभूमी आपोआपही पेटते. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटले तेव्हा मुंबईवर कित्येक दिवस धुराची छाया होती. त्या बेबंद आगीपेक्षा भट्टीतील नियंत्रित आग बरी नव्हे काय? बरी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण देवनार पेटले ते ओला कचरा वर्षानुवर्षे ढिगात कुजत ठेवून त्यातून ज्वलनशील वायू साठू दिल्यामुळे. ओला कचरा ढिगात गेलाच नाही तर ना वायू होतो, ना आग. रोग होऊ देऊन महागडे औषध विकत घेण्यापेक्षा रोगच टाळावा, एवढे साधे हे म्हणणे आहे.

कचरा कोणाचा?

या साऱ्या चर्चेत एका वर्गाचे नाव क्वचितच घेतले जाते. शहरातील कचऱ्यातून कागद, काच, पत्रा आणि प्लॅस्टिक वेचून ते कारखान्यापर्यंत पोहोचविणाऱ्या लाखो कष्टकऱ्यांचे. त्यांत बहुसंख्य दलित, भटके-विमुक्त आणि मुस्लिम आहेत, आणि बऱ्याच स्त्रिया आहेत. महापालिकेचा एक पैसा न घेता हे लोक महापालिकेचा कचऱ्याचा भार कमी करीत आले. भट्टी येते तेव्हा हा माल कंपनीच्या कुंपणाआड जातो आणि वेचणारीला चोर ठरवून फाटकावरून हाकलले जाते. शेतमजुराच्या हातून गायरान जावे, तसेच हे आहे.

पण दुसरा मार्ग याच महाराष्ट्रात चोखाळला गेला आहे. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वेचकांना ओळखपत्रे मिळाली आणि त्यांचे काम हे काम म्हणून मान्य झाले. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था निघाली. २००८ साली पुणे महापालिकेशी तिचा करार झाला आणि हजारो स्त्रिया घरोघर जाऊन ओला-सुका कचरा वेगळा गोळा करू लागल्या. त्या प्रत्येक करारवाढीसाठी झगडाव्या लागल्या आणि ठेकेदारांचा डोळा त्यांच्या कामावर कायम राहिला, हेही विसरता येणार नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांचा लढा दोन दशके नेटाने चालविला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. कचऱ्याचा प्रश्न हा प्रथम श्रमाचा प्रश्न आहे, हे या दोन लढ्यांनी दाखवून दिले. भट्टी उभारण्याचा पैसा आहे आणि वर्गीकरण करणाऱ्या हातांना वेतन देण्यास पैसा नाही, हा युक्तिवाद म्हणून टिकू शकत नाही.

मग करावयाचे काय?

नुसता विरोध करून आपली जबाबदारी संपत नाही. ‘आमच्या गावात नको’ एवढीच घोषणा दिली तर कचरा पुढच्या गावात जाईल. दिवा, भांडार्ली, डायघर आणि आतकोली यांच्या अनुभवाने हेच शिकविले आहे. प्रत्येक गाव एकेकटे लढले आणि प्रत्येक वेळी कचरा पुढच्या, अधिक दुबळ्या गावाच्या वेशीवर गेला. म्हणून या गावांनी आणि शहरांतील गरीब वस्त्यांनी एकत्र येऊन पुढील मागण्या मांडल्या पाहिजेत, असे आम्हास वाटते.

पहिली मागणी अशी की प्रत्येक महापालिकेने आपल्या कचऱ्याची व्यवस्था आपल्या हद्दीत, प्रभागवार करावी. नवी गृहसंकुले बांधणाऱ्या बिल्डरांनी ओल्या कचऱ्यासाठी जागा राखलीच पाहिजे. ग्रामीण भागातील जमीन घ्यावयाची झाल्यास ग्रामसभेची पूर्वसंमती घ्यावी आणि अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले स्थान डावलले जाऊ नये.

दुसरी मागणी करारांविषयीची. कचरा प्रकल्पांचे सर्व करार मराठीत प्रसिद्ध करावेत. त्यांत कचऱ्याच्या किमान प्रमाणाची हमी असू नये. जी केंद्रे चालू झाली आहेत त्यांच्या धुराड्यांचे आणि राखेचे तपासणी अहवाल वॉर्ड कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. मिसळलेला कचरा भट्टीत टाकल्याचे आढळल्यास ठेकेदाराला दंड व्हावा.

तिसरी मागणी, सुक्या कचऱ्यावर पहिला हक्क वेचकांच्या सहकारी संस्थांचा असावा. त्यांना छपरासकट वर्गीकरणाची जागा, हातमोजे, पाणी, आरोग्यविमा आणि घरामागे ठरलेला मोबदला मिळावा. सफाईच्या कायम स्वरूपाच्या कामातील कंत्राटी पद्धत रद्द व्हावी.

चौथी मागणी उत्पादकांसंबंधी आहे. ज्याचे काहीच करता येत नाही असा कचरा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. अनेक थरांच्या चकचकीत पुड्या आणि पाकिटे यांना भंगारात भाव नाही. पण त्या कोणी बनविल्या? नफा कंपनीने घ्यावयाचा आणि पुडीची विल्हेवाट ग्रामपंचायतीने लावावयाची, हे चालणार नाही. प्लॅस्टिकच्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम २०२२ साली झाले. ते नुसत्या कागदी प्रमाणपत्रांवर न थांबता गावापर्यंत आले पाहिजेत.

उरला प्रश्न वज्रेश्वरीसारख्या गावांचा. तेथे तो आवाक्यातला आहे. निर्माल्य, खरकटे आणि भाजीपाल्याचा कचरा यांचे खत होऊ शकते. भोजनालये आणि धर्मशाळा यांच्या अन्नाच्या कचऱ्यावर लहान बायोगॅस संयंत्र चालू शकते आणि त्याचा वायू त्याच स्वयंपाकघरांत वापरता येतो. मात्र या बाबतीतही भाबडेपणा नको. पुण्यात महापालिकेने उभारलेल्या छोट्या बायोगॅस प्रकल्पांपैकी अनेक देखभालीअभावी बंद पडले वा अर्ध्या क्षमतेने चालले. संयंत्र बसविणे सोपे असते, पण ते रोज चालविणारी माणसे नेमून त्यांना नियमित वेतन द्यावे लागते. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या गावांनी मिळून असे पाच-दहा जणांचे पथक नेमावे, त्यात स्थानिक आदिवासी तरुण-तरुणींना प्रथम घ्यावे, आणि खर्चाचा वाटा हॉटेले, लॉजेस, देवस्थाने आणि वाहनतळाची फी यांतून उभा करावा. यात्रेच्या दिवसांत प्लॅस्टिकच्या बाटल्या परत घेण्याची व्यवस्था दुकानदारांकडून करवून घ्यावी. यातून एकही मेगावॅट वीज मिळणार नाही. पण तानसेचे पात्र स्वच्छ राहील आणि काही घरांत नियमित पगार जाईल.

आतकोलीच्या ग्रामस्थांना एकटे पडू न देणे हे या घडीचे पहिले काम आहे. भिवंडी तालुक्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांपुढे या मागण्यांचे ठराव मांडावेत. ठाण्या-मुंबईतील साथींनी आपापल्या वॉर्डात ओला आणि सुका कचरा खरोखर वेगळा उचलला जातो की एकाच गाडीत कालविला जातो, याची पाहणी करून ती महापालिकेपुढे ठेवावी. शहरातील कामगार वस्त्यांनी आपल्या दारातला कचरा वेगळा केला, तर आतकोलीच्या लढ्याला तीच सर्वात मोठी मदत होईल.